काकांची फियाट, कोरी नक्षी आणि टायरचं वय

पसरणी_घाट | १६ नोव्हेंबर, रात्री १०:४०

काकांची फियाट ११०० डिलाइट, १९६८ ची. वाईला घरामागच्या शेडमध्ये सहा वर्षं उभी होती. काका गेल्यानंतर कुणी हात लावला नाही. काकू दसऱ्याला बॉनेटवर झेंडूची माळ घालायची तेवढंच. दिवाळीला सुट्टी टाकून गेलो आणि दहा दिवस त्या गाडीखालीच होतो. टाकी उतरवून धुतली, पॉइंट घासले, कार्ब्युरेटर उघडला, ब्रेकचे सगळे रबर वॉशर बदलले. बॅटरी लावून चावी फिरवली, तर खोकत खोकत का होईना, सुरू झाली. काकू हातातलं उलथनं तसंच घेऊन बाहेर आली. असो.

आता मुद्दा. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात चुलतबहिणीच्या मुलीचं लग्न आहे पुण्यात. नवरी आजोबांच्या गाडीतून कार्यालयात उतरावी अशी काकूची इच्छा. वाई ते पुणे नव्वदेक किलोमीटर, मध्ये खंबाटकीचा बोगदा, सगळा हायवे.

टायर पाचही ५.२०-१४ साइझचे, क्रॉसप्लाय (जुन्या पद्धतीचे, तिरक्या धाग्यांच्या थरांचे), ट्यूबवाले. नक्षी बघाल तर कालच बसवलेत म्हणाल. गेजने मोजली, पुढच्यांची साडेसहा मिमी आहे. बाजूला केसासारख्या बारीक चिरा आहेत, पण फुगा कुठेही नाही. हवा भरून आठ दिवस झाले, जशीच्या तशी आहे. पॉलिश मारल्यावर तर फोटो काढण्यासारखे दिसतायत.

बाजूला अक्षरं-आकडे शोधले. पुढच्या दोन्हींवर शेवटी चौकटीत २३८. मागच्या दोन्हींवर ४११२. स्टेपनीवर काहीच सापडलं नाही.

गावातला टायरवाला म्हणतो, "साहेब, गुट्टी (म्हणजे नक्षी) फुल आहे, कशाला पैसे घालवताय." बायको म्हणते, नवरीला रिक्षाने आण पण यातून नको. कोणाचं ऐकू?

चक्रम | १६ नोव्हेंबर, रात्री ११:०५

टायरवाल्याला +१. धंदा त्याचा टायर विकायचा, आणि तोच बदलू नका म्हणतोय. यापेक्षा प्रामाणिक सल्ला कुठला हवा?

आमच्या तीर्थरूपांच्या पद्मिनीचे टायर चौदा वर्षं चालले. नक्षी आहे तोवर टायर आहे. तारखा-बिरखा हे सगळं कंपन्यांनी काढलेलं खूळ, दुधाच्या पिशवीसारखं.

स्टिअरिंगवरचा_गिअर | १६ नोव्हेंबर, रात्री ११:४८

आधी कोड वाचू.

४११२ म्हणजे २०१२ सालचा ४१ वा आठवडा, ऑक्टोबर. चार आकडी पद्धत २००० पासूनची. म्हणजे तुमचे "नवे" टायर तेरा वर्षांचे झाले.

२३८ हे जुन्या पद्धतीचं: २३ वा आठवडा आणि सालाचा फक्त शेवटचा आकडा. म्हणजे १९८८ किंवा १९९८. दशक टायर सांगत नाही, ते आपण ओळखायचं. काही कंपन्या नव्वदच्या दशकासाठी शेवटी एक छोटा त्रिकोण टाकायच्या, तो दिसतो का बघा. आपल्याकडच्या जुन्या टायरांवर पुष्कळदा कंपनीचा स्वतःचाच कोड असे, त्यामुळे आकडा सापडला नाही म्हणजे टायर नवा असंही नाही.

आणि पूर्ण कोड बहुतेक एकाच बाजूला छापतात. स्टेपनीचा आतल्या बाजूला गेला असेल. उलटी करून पाहा, खडू घासला की उठावाची अक्षरं वाचता येतात.

१९८८ असो की १९९८, पुढचे दोन टायर या धाग्यावरच्या निम्म्या सदस्यांपेक्षा वयाने मोठे आहेत.

टपरीवरचा_चहा | १७ नोव्हेंबर, सकाळी ७:३०

वाचतोय. आमची लूना पण काढावी म्हणतो.

कार्बनब्लॅक | १७ नोव्हेंबर, सकाळी ९:१५

तीस वर्षं टायरच्या रबराच्या प्रयोगशाळेत काढली, आता निवृत्त आहे. लांबेल जरा, चालवून घ्या.

चक्रमजी, नक्षी हा टायर किती घासला याचा हिशोब आहे. रबर मात्र उभ्या गाडीतही म्हातारं होतं, आणि ते दोन वाटांनी.

पहिली वाट बाहेरून. हवेत ओझोन अगदी थोडा असतो, पण ताणलेल्या रबराला तो पुरतो. बाजूच्या चिरा पडतात त्या याच्यामुळे. त्याला आवर घालायला आम्ही रबरातच मेण आणि ओझोनविरोधी रसायन घालतो. टायर चालताना मुरडतो, तसं ते हळूहळू पृष्ठभागावर येत राहतं आणि पातळ थर धरतं. टायरला कधी कधी तांबूस-तपकिरी झाक येते ना? लोक ती मळ समजून ब्रशने घासून काढतात. ते संरक्षण असतं. उभ्या गाडीचा टायर मुरडतच नाही, त्यामुळे हा थर नीट धरत नाही. म्हणून कमी चाललेली गाडी चिरा पडण्याच्या बाबतीत रोजच्या गाडीपेक्षा वाईट निघू शकते. शेडमध्ये वेल्डिंग मशीन किंवा इलेक्ट्रिक मोटर चालत असेल तर आणखी वाईट, कारण ठिणगीतून ओझोन तयार होतो.

दुसरी वाट आतून, आणि ही दिसत नाही. टायरात दाबाखाली हवा कोंडलेली असते, तिच्यातला प्राणवायू ट्यूबमधून, रबरातून थोडा थोडा बाहेर झिरपत असतो. जाता जाता तो आतल्या रबराशी आणि धाग्यांना धरून ठेवणाऱ्या थराशी क्रिया करतो. रबर कडक होतं, ताणलं की तुटतं. अशा क्रियांचा वेग तापमान दहा अंशांनी वाढलं की ढोबळमानाने दुप्पट होतो. पत्र्याच्या शेडमधला वाईचा एप्रिल-मे आठवा. स्टेपनी रस्त्यावर उतरत नाही, पण तिच्यातही हवा असतेच आणि डिकी तापतेच.

हे पुस्तकी नाही. अमेरिकेच्या रस्तेसुरक्षा खात्याने २००७ मध्ये त्यांच्या संसदेला टायरच्या वयाबद्दल अहवाल दिला. त्यात एका मोठ्या विमा कंपनीची आकडेवारी होती: विमेदारांपैकी २७ टक्के लोक पाच उष्ण राज्यांतले, पण टायरचे ७७ टक्के दावे त्याच पाच राज्यांतून. आणि त्या दाव्यांतले ८४ टक्के टायर सहा वर्षांहून जुने. त्या पाचांतलं ॲरिझोना डोळ्यांपुढे आणा आणि मग आपला विदर्भ.

कंपन्यांचा सर्वसाधारण सल्ला असा की पाच वर्षांनंतर दरवर्षी जाणकाराला दाखवा, आणि दहा वर्षं झाली की नक्षी कितीही असली तरी काढा. दहा वर्षं आणि एक दिवस झाला की टायर फुटतो असं कोणी म्हणत नाही. पण सत्तावीस किंवा सदतीस वर्षं यावर मतभेदाला जागा नाही.

आणि पॉलिश. तेलकट, सॉल्व्हंटवाली पॉलिशं मारायचं बंद करा. एक तर चिरा झाकल्या जातात, दुसरं म्हणजे ते वर आलेलं मेणही धुऊन निघतं.

शेवंती | १७ नोव्हेंबर, सकाळी ११:०२

कार्बनब्लॅक काका, विदर्भ म्हणालात म्हणून लिहिते.

सहा वर्षांपूर्वी, मे महिना, अकोल्याहून अमरावतीला येत होतो. गाडी बाबांची, जेमतेम तीस हजार चाललेली, कायम झाकून ठेवलेली. टायर गाडीबरोबर आलेलेच, अकरा वर्षांचे. स्टिअरिंग हलकंसं थरथरायला लागलं. मला वाटलं रस्ताच तसा असेल. मग मागून थपाक थपाक आवाज, ओला टॉवेल धोपटल्यासारखा. मी वेग कमी करेपर्यंत मागच्या डाव्या टायरचं वरचं सालपट सोलून निघालं आणि चाकाच्या वरचा पत्रा आतून फाडून गेलं. आश्चर्य म्हणजे हवा गेली नव्हती! नुसता बोडका टायर, तारा बाहेर आलेल्या.

गाडी दुभाजकाला घासत थांबली. आई मागे होती, तिच्या मनगटाला प्लास्टर, बाकी निभावलं. त्या दिवशी सकाळीच पंपावर मुलाने हवा भरताना "टायर मस्त आहेत मॅडम" म्हटलं होतं.

तेव्हापासून थरथर आली की मी थांबते. लोक हसतात, हसू देत.

स्टिअरिंगवरचा_गिअर | १७ नोव्हेंबर, दुपारी १२:२०

शेवंतीताई, बापरे. ते रेडियल टायर असणार. त्यात नक्षीखाली पोलादी तारांचे पट्टे असतात, त्यांच्यातला जोड सुटला की असं सालपट निघतं.

धागाकर्त्यांच्या क्रॉसप्लायमध्ये ते पट्टे नसतात. धाग्यांचे थर तिरके, एकावर एक फुल्या मारल्यासारखे, या काठापासून त्या काठापर्यंत. त्यामुळे मोडण्याची तऱ्हा वेगळी. पण थर एकमेकांवर घासून क्रॉसप्लाय जास्त तापतो, आणि थर सुटायचे तेव्हा सुटतातच.

आणखी एक. नायलॉनच्या धाग्यांचा टायर बरेच दिवस एकाच जागी उभा राहिला की खाली सपाट बसतो. पहिले काही किलोमीटर गाडी बैलगाडीसारखी धडधडते, टायर गरम झाला की थांबते. गरम झाल्यावरही धडधड राहिली तर दोष कायमचा आहे किंवा आत काहीतरी सुटलंय. तिथे मग "अजून थोडं जाऊन बघू" करायचं नाही.

चक्रम | १७ नोव्हेंबर, दुपारी १:१०

शेवंती यांना झालेला त्रास मान्य. पण तेरा वर्षांचे, सत्तावीस वर्षांचे टायर घालून गावोगाव ट्रॉल्या फिरतायत. कायदा काय म्हणतो ते सांगा. कायद्यात वयाची अट आहे?

स्टिअरिंगवरचा_गिअर | १७ नोव्हेंबर, दुपारी १:४५

केंद्रीय मोटार वाहन नियम, नियम ९४. मोटारीला नक्षीची खोली किमान १.६ मिमी, दुचाकी-तीनचाकीला ०.८. नियम खोली मोजतो, वय विचारत नाही. तुमचं म्हणणं तिथवर बरोबर.

ट्रॉली ताशी वीसने जाते हो. आणि तिच्यात नवरी नसते.

लेस्टरकर | १७ नोव्हेंबर, सायंकाळी ६:३०

इकडे इंग्लंडमध्येही कायद्यात वय नव्हतं. सप्टेंबर २०१२ मध्ये आइल ऑफ वाइटच्या संगीत महोत्सवाहून लिव्हरपूलला परतणारी बस सरे परगण्यात ए-३ रस्त्यावर झाडावर आदळली. पुढचा टायर फुटला होता. तीन माणसं गेली, त्यातला एक मुलगा अठरा वर्षांचा. टायर एकोणीस वर्षांहून जुना निघाला, आणि तो वापरणं त्या वेळच्या कायद्याप्रमाणे गुन्हा नव्हता. त्या मुलाच्या आईने अनेक वर्षं पाठपुरावा केला. १ फेब्रुवारी २०२१ पासून बस आणि ट्रकच्या पुढच्या चाकांना दहा वर्षांवरचे टायर घालायला बंदी आली. मिनीबसलाही आहे. खासगी मोटारींना अजून नाही.

जर्मनीत कारमागे ट्रेलर जोडून ताशी शंभरने जायचं असेल तर ट्रेलरचे टायर सहा वर्षांच्या आतले लागतात. का, तर ट्रेलर वर्षभर अंगणात उभा असतो. काकांच्या फियाटसारखाच.

बुलेटवाला_भाऊ | १७ नोव्हेंबर, रात्री ८:०५

फास्ट अँड फ्युरियसवाला पॉल वॉकर जुन्या टायरमुळेच गेला ना?

लेस्टरकर | १७ नोव्हेंबर, रात्री ८:४०

पूर्ण खरं नाही. नोव्हेंबर २०१३, पोर्शे कॅरेरा जीटी, तो शेजारच्या सीटवर होता. टायर नऊ वर्षांचे होते आणि त्याने पकडीवर परिणाम झाला असू शकतो असं तपासात नोंदलंय. मुख्य कारण म्हणून मात्र वेगावर बोट ठेवलं गेलं.

उद्यमनगरी | १७ नोव्हेंबर, रात्री ९:५०

कोल्हापूर, उद्यमनगर. जुन्या गाड्यांचं काम करतोय, वडलांपासनं.

भावा, एवढं सगळं वाचलं, पण टायर रिमवरनं उतरवून आतनं बघितला का कुणी? बाहेरनं बघून जो छातीठोक "चालतंय" म्हणतोय त्याला लांबनंच नमस्कार करायचा. आणि "चालत नाही" म्हणणाऱ्याला पण.

आधी चाक जॅकवर घ्यायचं, हातानं फिरवायचं. नक्षीजवळ खडू धरायचा स्थिर. टायर वरखाली होतोय, का कुठं टेकाड येतंय, ते खडू सांगतोय. मग हवा सोडून टायर रिमवरनं काढायचा. पंक्चरवाल्याला म्हणायचं टॉमी सावकाश घाल, काठ फाडू नको. काठाची तार गंजली का बघ. बॅटरी लावून आतनं सगळा गोल फिरव. सुतं उघडी पडलीत का, कुठं सुरकुती, कुठं काळी पूड पडतीय का. पूड पडतीय म्हणजे आत घासतंय.

मग टायर गुडघ्याखाली दाबून दोन्ही हातानं बाजू उलट वाकवायची. चिर नुसती वरवरची असली तर तळ काळा, मऊ दिसतोय. तोंड उघडून तळाला सूत दिसलं तर विषय संपला. नक्षीच्या खोबणीचा तळ बघायचा विसरू नको, तिथली चिर लोकं बघतच नाहीत, आणि गाडीचं वजन सगळं तिथंच मुरडतंय.

नख रुतवून बघ. नवा टायर नखाला थोडा तरी लागू देतोय. हा वाजला तर लाकूड समजायचं. पावसात ब्रेक मारलास की कळंल.

पैसे लागत नाहीत याला. पंक्चरवाल्याला चहा दे.

कार्बनब्लॅक | १७ नोव्हेंबर, रात्री १०:१५

उद्यमनगरी, प्रयोगशाळेत आम्ही नखाऐवजी कडकपणा मोजणारं एक छोटं यंत्र टेकवायचो, शोर ए मोजपट्टीचं. मोटारीच्या नव्या टायरची नक्षी साधारण ६० ते ७० दाखवते. वाळलेल्या टायरवर मी ८५ पाहिलंय. बाकी तुमच्या लिहिण्यात एक शब्द बदलायचा नाही.

फक्त एक पुरवणी: आतून स्वच्छ दिसला म्हणजे चांगला असं उलट वाचू नका. धाग्याला रबर किती घट्ट धरून आहे हे फाडून ओढल्याशिवाय कळत नाही, आणि फाडल्यावर टायर उरत नाही. तपासणी टायरला नापास करू शकते. पास करायची तिची ताकद नाही.

पसरणी_घाट | २२ नोव्हेंबर, रात्री ११:२०

सर्वांचे मनापासून आभार. शनिवारी पाचही चाकं टेम्पोत घालून पंक्चरच्या दुकानात नेली.

पहिलाच पुढचा उजवा. मुलाने टॉमी घातली, तर काठ रिमला असा चिकटलेला की घण मारावा लागला. सुटला तेव्हा आवाज झाला तो रबराचा नव्हे, पापड मोडल्यासारखा. ट्यूब टायरला आतून चिकटून बसली होती, सोलूनच काढावी लागली. शंखजिऱ्याची पूड होती ती ओली होऊन वाळल्यासारखी खपल्या धरलेली. बॅटरी मारली. आतली बाजू गोणपाटासारखी, विणीची खूण स्वच्छ दिसत होती. एका जागी, जिथे गाडी सहा वर्षं टेकून उभी होती तिथे, वितीएवढ्या पट्ट्यात सुतं रबराच्या वर आलेली.

खोबणीचा तळ बाहेरून मला गुळगुळीत दिसला होता. मुलाने टायर गुडघ्याखाली घेऊन वाकवला आणि म्हणाला, "दादा, हे बघा." खोबणीभर चिर, गोल फिरत गेलेली. खिशातलं व्हिजिटिंग कार्ड उभं घातलं, ते नखभर आत गेलं. माझं पॉलिश त्या चिरेत काळं, चकचकीत भरलेलं होतं.

मागचे २०१२ चे आतून बरे वाटले. नख थोडं रुततं. बाजूच्या चिरा वरवरच्या.

२३८ चं कोडंही सुटलं. त्रिकोण नव्हता. पण काका रोजचा खर्च वहीत लिहायचे, काकूने ट्रंकेतून काढून दिल्या सगळ्या वह्या. ५ ऑगस्ट १९९८: "फियाट, पुढील टायर २, ट्यूब २, नाना पेठ. येताना शिरवळला चहा. पाऊस फार." म्हणजे १९९८.

काका २०१९ पर्यंत गाडी चालवत होते. २०१७ च्या गणपतीत मी त्यांच्या शेजारी बसून याच टायरांवर पुण्याला गेलोय. घाईत होतो म्हणून मीच त्यांना "जरा दाबा की" म्हणत होतो.

स्टेपनी उलटी केली, खडू घासला. अक्षरं आहेत, पण तारीख म्हणावी असं काही नाही. वहीत १९९८ पासून मागे १९८३ पर्यंत गेलो, स्टेपनीचा टायर घेतल्याची नोंद नाही. त्याच्या मागच्या वह्या वाळवीने खाल्ल्यात.

प्रश्न: मागचे दोन ठेवून पुढचे दोनच नवे घेतले तर?

चक्रम | २२ नोव्हेंबर, रात्री ११:४१

पण २०१७ ला फुटला का?

शेवंती | २२ नोव्हेंबर, रात्री ११:५५

माझाही आदल्या दिवशीपर्यंत फुटला नव्हता.

स्टिअरिंगवरचा_गिअर | २३ नोव्हेंबर, सकाळी ८:१०

नको. पुढचा टायर गेला तर गाडी एका बाजूला ओढते, पण स्टिअरिंगने काहीतरी करता येतं. मागचा गेला की शेपूट फिरतं आणि हातात काही उरत नाही. त्यात फियाटला चारही चाकांना ड्रम ब्रेक. दोनच नवे घ्यायचे असतील तर नवे मागे जातात, आणि मग २०१२ चे तुम्ही पुढे घालणार का? पाच घ्या.

साइझ मिळवणं हीच खरी अडचण आहे. काळ्यापिवळ्या पद्मिनी होत्या तोवर मुंबईत ५.२०-१४ कुठेही मिळायचा. शेवटची टॅक्सी पद्मिनी २००३ च्या ऑक्टोबरात ताडदेवला नोंदली गेली आणि वीस वर्षांची मुदत संपून २०२३ च्या ऑक्टोबरात रस्त्यावरून गेली. गिऱ्हाईकच उरलं नाही.

रेडियल घालायचे तर चारही रेडियल. पुढे रेडियल आणि मागे क्रॉसप्लाय हा प्रकार चुकूनही नको, वळणावर मागची बाजू आधी सुटते. आणि जुन्या रिमला ट्यूबलेसचा काठ धरून ठेवणारा उंचवटा नसतो, म्हणून आत ट्यूब हवीच, ती पण रेडियलला चालणारी.

गरवारे_पूल | २३ नोव्हेंबर, सकाळी १०:३०

रेडियल? १९६८ च्या डिलाइटला? रॅलीत परीक्षक गुण कापतील. गाडी जशी कारखान्यातून आली तशी ठेवण्यात मजा आहे. क्रॉसप्लायवर हायवेची प्रत्येक चाकोरी स्टिअरिंगमध्ये कळते, तीच तर गंमत.

अवांतर: विंटेज नोंदणी केलीय का? २०२१ च्या नियमांनुसार पन्नास वर्षांवरच्या गाडीला व्हीए मालिकेचा नंबर मिळतो. पण मग गाडी प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल एवढ्यासाठीच बाहेर काढता येते. लग्न त्यात बसत नाही बहुधा.

पसरणी_घाट | २३ नोव्हेंबर, दुपारी २:००

नाही, साधीच नोंदणी आहे, फेरनोंदणी काकांनीच करून ठेवलेली. परीक्षकांपेक्षा काकूला खूश ठेवायचंय.

पसरणी_घाट | २९ नोव्हेंबर, रात्री ९:३०

नाना पेठेत दिवस घालवला. तिघांनी साइझ ऐकूनच मान हलवली. चौथा माळ्यावर चढला आणि तीन ५.२०-१४ घेऊन उतरला. खाकी कागदात गुंडाळलेले, नक्षीवरचे रबराचे केस तसेच. "एकदम कोरे, रस्ता बघितलेला नाही." भावही जरा चढाच.

मी मोबाईलची बॅटरी लावून खाली बसलो. ०९११. फेब्रुवारी-मार्च २०११. माझ्या मागच्या टायरांपेक्षाही थोरले!

दुकानदार म्हणाला, "वापरलाच नाही तर जुना कसा होईल?" कार्बनब्लॅक काका, तुमचं नाव घेतलं नाही, पण तुमचंच सगळं ऐकवलं. त्याने मला चहा पाजला. टायर नाही घेतले.

आता रेडियलचा, १६५/८० आर १४ या साइझचा विचार आहे. जुन्या टायरला सुतळी गुंडाळून व्यास काढला, साठ सेंमीच्या आसपास. नव्याचा हिशोबाने ६२. चाकाच्या खाचेत बसेल?

उद्यमनगरी | २९ नोव्हेंबर, रात्री १०:२५

कोरा टायर माळ्यावर म्हातारा होतोयच, त्यात पत्र्याखाली असंल तर बघायलाच नको. बरं केलंस.

आधी रिमची रुंदी आतनं मोज, काठ ते काठ. टायर कंपनीच्या कोष्टकात किमान रुंदी दिलेली असती, त्याखाली असंल तर घालायचा न्हाय. एकच चाक बसवून बघ पहिलं. स्टिअरिंग दोन्हीकडं शेवटपर्यंत मारायचं, आणि गाडीत चार माणसं बसवून परत मारायचं. घासतंय का बघ. स्पीडोमीटर थोडं कमी दाखवंल, त्याचं काही नाही.

पसरणी_घाट | १६ डिसेंबर, रात्री १०:१०

लग्न झालं. उशिरा लिहितोय, माफी.

रिम कोष्टकातल्या किमान रुंदीत जेमतेम बसली. पाच टायर, पाच ट्यूब. दुकानात पैसे देण्याआधी पाचांचे कोड वाचले. चार ३०२५, एक २८२५. दुकानातला मुलगा म्हणाला, "असं बघणारे तुम्ही पहिलेच." समोरचं उजवं चाक चार माणसं बसल्यावर पूर्ण वळणावर मडगार्डच्या कडेला हलकंसं घासत होतं, कडेची घडी ठोकून घेतली.

पहाटे साडेपाचला वाई सोडली. ताशी साठ. सुरूर फाटा, खंडाळा आणि शिरवळला थांबून चारही टायरांना हात लावून पाहिला. चारही सारखेच कोमट. काकू मागे बसून होती, तिसऱ्या वेळी म्हणाली, "ताप बघतोयस का रे त्यांना?" शिरवळला चहा घेतला, तो मात्र वहीत होता म्हणून. नवरी कार्यालयाच्या दारात उतरली, फोटो झाले, बँडवाल्यांनी बॉनेटवर नोटा ओवाळल्या.

एक राहिलं. जुने टायर गावातल्या टायरवाल्याकडेच होते. तो म्हणाला, पाचही ठेवून जा, चांगला भाव देतो, गुट्टी फुल आहे, गिऱ्हाईक तयार आहे. कोणतं गिऱ्हाईक, विचारलं. शाळेची मुलं सोडणारा कुणी व्हॅनवाला, त्याच्या जुन्या गाडीला हीच साइझ बसते म्हणे.

टायर परत घेऊन आलो. अंगणात बसून हॅक्सॉने पाचांच्या दोन्ही बाजू कापल्या. स्टेपनीला चार ब्लेड लागली.

कार्बनब्लॅक | १६ डिसेंबर, रात्री १०:३०

उत्तम केलंत. कापलेला एखादा तुकडा असेल तर मला पाठवा, कडकपणा मोजून सांगतो. हौस म्हणून.

शेवंती | १६ डिसेंबर, रात्री १०:४४

फोटो टाका की! नवरीचे नाही, टायरचे.

चक्रम | १६ डिसेंबर, रात्री ११:५८

आत्ता खाली पार्किंगमध्ये जाऊन आलो. आमच्या गाडीचे चार टायर मी दोन वर्षांपूर्वी बदलले होते, त्यामुळे निवांत होतो. डिकी उघडली, चटई उचलली. स्टेपनी ३२०९. हवा पण नाहीये तिच्यात. आणि परवा सासुरवाडीला जाऊन आलो, पाच जण, कशेडी घाटातून.